निसर्गसंवर्धनातली स्वयंसेवा, व्याख्यानं आणि नोकरी: एकातून दुसरं मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे. दोन वर्षं एका स्थानिक निसर्गगटाबरोबर रविवारचं पक्षीनिरीक्षण आणि पावसाळ्यातलं वृक्षारोपण चालू आहे. आता एका शाळेनं वन्यजीव सप्ताहात बोलायला बोलावलं आहे. शिवाय एका संशोधन प्रकल्पात सहा महिने फिल्ड असिस्टंट म्हणून येता का, अशी विचारणा झाली आहे. राहण्या-जेवणाची सोय आहे, मानधन नाही. स्वयंसेवा करत राहिलं की या क्षेत्रात नोकरी लागते का, व्याख्यान द्यावं का, आणि ते सहा महिन्यांचं काम घ्यावं का?

मी महाराष्ट्रात बरीच वर्षं हेच काम करते. स्वयंसेवकांचे गट बांधले आहेत, प्रकल्पांसाठी पगारी माणसं निवडली आहेत आणि व्याख्यानं तर वर्षभर चालूच असतात. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही तीन कामं म्हणजे एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या नव्हेत. खालच्या पायरीवर पुरेसा वेळ उभं राहिलं की वरची आपोआप मिळेल, या आशेवर कितीतरी चांगली मुलं ऐन उमेदीची वर्षं घालवतात आणि मग मन विटून निघून जातात. दुसरीकडे बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करणारी माणसं आयुष्यभर एकाच तळ्याच्या नोंदी ठेवतात आणि त्यांच्या नोंदींवर आम्ही पगारी लोक अहवाल लिहितो. त्यांचं काम आमच्यापेक्षा कमी मोलाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तेव्हा तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. तिन्ही हवी असतील तरी हरकत नाही, पण प्रत्येकाची तयारी वेगळी करावी लागते.

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींचंच बघा. 1926 साली ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान विभागात गाइड लेक्चरर म्हणून लागले. म्हणजे त्यांची नोकरीच मुळी लोकांना समजावून सांगण्याची होती. पुढे रजा घेऊन ते जर्मनीत शिकायला गेले आणि 1930 मध्ये परतले तेव्हा पैशांअभावी ते पदच बंद झालं होतं. मनाजोगती दुसरी नोकरी मिळेना म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणीच्या वसाहतीवर नजर ठेवून त्यांनी तिचं विणीचं वागणं टिपलं. नर एकामागून एक घरटी विणत जातो आणि एकामागून एक माद्यांशी जोडी जमवतो, हे त्या निरीक्षणातून पुढे आलं. नंतर हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा संस्थानांमधली त्यांची पक्षी-सर्वेक्षणं होऊ शकली ती संस्थानिकांनी पाठबळ दिलं म्हणून. इतक्या वर्षांनीही या क्षेत्राचं गणित फारसं बदललेलं नाही. पद प्रकल्पावर अवलंबून, प्रकल्प निधीवर, आणि निधी आटला की हुशार माणसालाही घरी बसावं लागतं. हे माहीत असून यायचं.

आता स्वयंसेवेबद्दल. तुमच्या दोन वर्षांच्या रविवारांचं पुढे काय झालं, हा माझा पहिला प्रश्न असेल. फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि संपलं? की तारीख, वेळ, ठिकाण, किती अंतर चाललात, कोणता पक्षी किती दिसला, हे लिहून ठेवलंत? दोन्हींत आनंद सारखाच मिळतो, पण संवर्धनाला उपयोग फक्त दुसऱ्याचा होतो. 2023 साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. त्यात 942 जातींचा आढावा आहे आणि तो ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या सुमारे 3 कोटी निरीक्षणांवर उभा आहे. ती निरीक्षणं करणारे 30 हजारांहून अधिक लोक बहुतांशी तुमच्या-माझ्यासारखे हौशीच. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी 204 घटल्या आहेत. एवढ्या मोठ्या देशात पगारी संशोधक नेमून हे कळलंच नसतं.

पण अशी नोंद करायलाही शिस्त लागते आणि ती पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. समजा तुम्ही एक तळं धरलंत. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच वाटेनं, तेवढाच वेळ फिरायचं. दिसलेला प्रत्येक पक्षी मोजायचा. साळुंक्या, कावळे आणि होले ‘नेहमीचेच आहेत’ म्हणून सोडून द्यायचे नाहीत, कारण उद्या तेच कमी झाले तर ते कळणार कशावरून? संख्या लिहायची. ‘बरेच’ हा आकडा नव्हे. टिबुकल्या सात होत्या की सतरा, हळदीकुंकू बदकांसोबत पिल्लं होती का, शेकाटे चिखलात चरत होते की पाणी चढल्यामुळे दिसलेच नाहीत, जलपर्णीनं तळ्याचा कितवा हिस्सा झाकला आहे. एखादा पक्षी ओळखता आला नाही तर तसं लिहायचं, अंदाजानं नाव ठोकायचं नाही. एखाद्या रविवारी काहीच विशेष दिसलं नाही तरी यादी भरायची, किंबहुना तेव्हा तर भरायचीच.

याचा उपयोग कधी होतो ते सांगते. एक दिवस त्या तळ्याचं ‘सुशोभीकरण’ मंजूर होतं. काठाला काँक्रीटची भिंत, भोवती पदपथ, मध्ये कारंजं. भिंत झाली की उथळ, चिखलाळ काठ नाहीसा होतो आणि शेकाटे, तुतवार, धोबी यांचं खाण्याचं ठिकाणच जातं. काठच्या पाणकणसात घरटी करणाऱ्या पाणकोंबड्याही जातात. अशा बैठकीत ‘आम्हाला निसर्ग आवडतो’ या वाक्याला काही किंमत नसते. काठाच्या कोणत्या भागात कोणत्या महिन्यात किती पक्षी असतात याची तीन वर्षांची नोंद टेबलावर ठेवली, तर अभियंताही आराखडा पुन्हा उघडतो. निदान पश्चिमेचा काठ तसाच ठेवा, भिंतीऐवजी मातीचा उतार द्या, काम विणीचा हंगाम सोडून करा, असं नेमकं काहीतरी मागता येतं. जे नेमकं मागता येतं त्यातलंच थोडंफार मिळतं.

वृक्षारोपणाबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचं आहे. कुठे लावताय ते आधी बघा. महाराष्ट्राचा मोठा भाग माळरानाचा आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके इथली गवताळ रानं म्हणजे झाडं तुटून ओसाड पडलेली जमीन नव्हे. लांडगा, काळवीट, चिंकारा, धाविक, चंडोल यांचं ते हक्काचं घर आहे. माळढोक नान्नजच्या माळावर राहत होता तो तिथे झाडी नव्हती म्हणून. अशा माळावर खड्डे खणून रांगेनं रोपं लावणं म्हणजे चांगल्या हेतूनं केलेलं नुकसान. सह्याद्रीतल्या सड्यांचं, म्हणजे खडकाळ पठारांचंही तसंच. कासच्या पठारावर मातीचा थर बोटभरसुद्धा नाही अशा जागी सीतेची आसवं आणि कंदीलपुष्पं उगवतात. तिथे झाड नको आहे. शिवाय गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं टेकड्यांवर लावून ठेवली की खाली दुसरं काही धड वाढत नाही. तुमचा गट पुढच्या पावसाळ्यात कुठे आणि काय लावणार आहे, हे बैठकीत विचारा. विचारणारा माणूस पहिल्या दिवशी नकोसा वाटतो, पण गटाला त्याची गरज असते. खरं तर बहुतेक गटांना नव्या रोपांपेक्षा मागच्या वर्षीच्या रोपांना पाणी घालणारी, भोवतीचं गवत काढणारी आणि वणव्याच्या आधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढायला येणारी माणसं हवी असतात.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला मिळावं म्हणून शेकडो अर्ज येतात. जरूर जा, रानातली रात्र अनुभवण्यासारखी असते. पण ती व्याघ्रगणना नव्हे. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दिसू शकतो आणि दोनदा मोजला जातो, म्हणून वनविभागही आता त्याला निसर्गानुभव म्हणतो. वाघांचा खरा अंदाज दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी गणनेतून येतो. त्यात वनरक्षक आपापल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या नियतक्षेत्रात, ठरलेल्या वाटा पायी चालून विष्ठा, पाऊलखुणा आणि ओरखडे नोंदवतात, आखलेल्या सरळ रेषेवर चालून हरणं-सांबरं मोजतात आणि मग प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप लागतात. तिथली मेहनत जवळून बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

सापांबद्दल एकच सांगते. गटातलं कोणी तुम्हाला ‘शिकवतो’ म्हणून साप हाताळायला देत असेल तर नकार द्या. साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, पकडण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते, आणि मण्यार किंवा घोणस चावल्यावर धाडसाचा काही उपयोग नसतो. जखमी प्राणी दिसला तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि माणसांची गर्दी लांब ठेवायची. हीसुद्धा स्वयंसेवाच आहे, फक्त तिचा फोटो निघत नाही.

फोटो न निघणारं आणखी एक काम आहे, आणि तिथे माणसांचा दुष्काळ आहे. ते म्हणजे कागदांचं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. कागदावर समित्या झाल्या आहेत. पण कितीतरी ठिकाणी ती नोंदवही कुठून तरी उतरवून काढलेली असते आणि गावात कधीच न दिसलेल्या जाती तिच्यात सापडतात. तुमच्या गावाची नोंदवही मागा, वाचा, चुका दाखवा, भर घाला. याच कायद्याखाली एखाद्या लहानशा जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळू शकतो. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या छोट्याशा माशासाठी तो 2021 मध्ये मिळाला. शहरात राहत असाल तर झाडं तोडण्याच्या जाहीर नोटिसा वाचायची सवय लावा. 1975 च्या झाडांच्या कायद्यात हरकत घ्यायची सोय आहे, मुदत मात्र थोडी असते आणि नोटीस वाचणाराच नसला तर ती निघून जाते. मराठीत एक पानी, मुद्देसूद हरकत लिहिता येणारा माणूस गटात असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पगारी काम आणि स्वयंसेवा यांची सांगड नीट कशी बसते ते बघायचं असेल तर कोकणात वेळासला जा. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे सागरी कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं आणि कुत्री-कोल्हे नेत असत. गावातली माणसं पहाटेच्या आधी सगळा किनारा चालून मादीच्या सरपटण्याचा माग शोधू लागली. घरटं सापडलं की अंडी हलक्या हातानं काढायची, उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. हे सगळं लवकर उरकावं लागतं, कारण काही तासांनी आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि मग अंडं फिरलं तर तो मरतो. पुढे साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. तोवर घरट्यावर टोपली ठेवून रोज पाहत राहायचं.

शहरातले लोक हे बघायला महोत्सवाला जातात, गावात घरोघरी राहतात, त्यातून गावाला उत्पन्न मिळतं. पण महिनोन्‌महिने पहाटे किनारा चालणारा माणूस गावातलाच असतो आणि त्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत. संवर्धनात फुकट काम कोणी करावं याचं माझं साधं उत्तर आहे: ज्याचं पोट दुसऱ्या कशावर तरी चालतं त्यानं. ज्याच्या रोजच्या मजुरीवर घर चालतं त्याच्याकडून ‘निसर्गासाठी’ म्हणून फुकट राबवून घेणं मला मान्य नाही, मग तो गावकरी असो की नुकता शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी. तुमच्या सहा महिन्यांच्या कामाचा विचार मी याच नजरेनं करणार आहे, पण त्याआधी व्याख्यानाचं बघू.

शाळेत बोलायला जरूर जा, पण ‘निसर्ग वाचवा’ हा विषय घेऊन जाऊ नका. शाळेपासून चालत जाता येईल अशा अंतरातले दहा जीव निवडा आणि त्यांच्याबद्दल बोला. आदल्या दिवशी शाळेच्या आवारात एक फेरी मारा. भिंतीवर कुंभारमाशीचं मातीचं घरटं असतं, कढीपत्त्यावर किंवा लिंबावर फुलपाखराची अळी असते. वडाचं झाड असेल तर मग अर्ध्या तासाची सोयच झाली. पाचवीतल्या मुलांना हरितगृह वायूंचा तक्ता दाखवण्यापेक्षा लिंबाच्या पानावरची, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी दाखवा. ती तशी का दिसते ते त्यांनाच ओळखू द्या. चाळीस मिनिटं मिळाली असतील तर वीस बोलण्यात आणि वीस बाहेर घालवा. वाघाचे फोटो दाखवण्याचा मोह टाळा, ते त्यांनी पाहिलेले असतात.

मोठ्यांसमोर बोलणं हे वेगळंच काम आहे आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ‘काय बोलू’ हा नसून ‘कोणासमोर बोलू’ हा असतो. गिधाडांचं घ्या. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेल्या डायक्लोफेनॅकचा अंश मेलेल्या जनावरात राहतो आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. यामुळे आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, 2015 मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांवरही आली, कारण त्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या. आता यावर दहा शाळांमध्ये बोललात तर टाळ्या मिळतील. पण तालुक्यातले पशुवैद्य, गोठेवाले आणि औषध दुकानदार मिळून वीस माणसं एका खोलीत बसवून ‘मेलॉक्सिकॅम वापरा, ते गिधाडांना सुरक्षित आहे’ एवढंच पटवून दिलंत, तर एखाद्या कड्यावरची वसाहत वाचू शकते.

बिबट्यावर बोलायची वेळ कधी ना कधी येईलच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जुन्नर भागात बिबटे पिढ्यान्‌पिढ्या उसात जन्मतात आणि उसातच वाढतात. गावात गेल्यावर पहिला सवाल येतो, ‘तुमचे बिबटे घेऊन जा.’ तिथे स्लाइड लावून अन्नसाखळी समजावू नका. आधी ऐका. कोणाची शेळी गेली, कोणाचं पोर थोडक्यात वाचलं, भरपाईचा पंचनामा कुठे अडला. हे ऐकायला तासभर गेला तरी जाऊ द्या. मग सांगा की पकडून दुसरीकडे सोडल्यानं प्रश्न मिटत नाही. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासात बिबटे हलवल्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढल्याचं दिसलं. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या आणखी बिथरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. त्यानंतर कामाचं बोला: गोठ्याला वरूनही जाळी, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं न सोडणं, घराच्या मागे उजेड, गावाबाहेर मेलेल्या कोंबड्यांचे आणि जनावरांचे ढीग न टाकणं, ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात न लावता वनविभागाला कळवणं. मुंबईत 2011 मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या निमित्तानं वनविभाग, संशोधक आणि नागरिक एकत्र आले तेव्हा त्यांनी पत्रकार आणि पोलिसांशीही असाच संवाद साधला, कारण बातमीची भाषा आणि जमाव आवरण्याची पद्धत बदलली की बिबट्याचाही जीव वाचतो आणि माणसाचाही. भाषण उत्तम होणं वेगळं आणि त्यातून वागणं बदलणं वेगळं. दुसरं हवं असेल तर त्याच गावात पुन्हा पुन्हा जावं लागतं.

व्याख्यानाचे पैसे घ्यावेत का, हेही लोक विचारतात. सरकारी शाळा, ग्रामसभा, आश्रमशाळा यांच्याकडून मी घेत नाही. कंपन्या, निवासी संकुलं, खासगी शाळा यांनी बोलावलं तर आधीच रक्कम सांगते. प्रवासखर्च मागायला कोणीही संकोच करू नये.

आता नोकरी. सगळ्यात मोठा नोकरी देणारा म्हणजे वनविभाग, आणि निसर्गगटातल्या मुलांना नेमका त्याचाच विसर पडतो. वनरक्षकाच्या भरतीला बारावी लागते, विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असायला हवा. लेखी परीक्षा असते, पुरुषांना 5 किलोमीटर आणि महिलांना 3 किलोमीटर धावावं लागतं आणि शेवटी चार तासांत अनुक्रमे 25 आणि 16 किलोमीटर चालण्याची चाचणी असते. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदं एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेतून भरली जातात. एम.एस्सी. झाल्यावर वनरक्षक कशाला व्हायचं, असं घरचे म्हणतील. पण नियतक्षेत्रातली प्रत्येक ओढ्याची वळणं, चोरवाटा आणि पाणवठे ज्याला माहीत असतात तो माणूस वनरक्षकच असतो. जंगलावर त्याच्याइतका प्रत्यक्ष परिणाम दुसऱ्या कोणाचा होताना मी पाहिलेला नाही. काम खडतर आहे, एकटेपणाचं आहे, अतिक्रमण आणि वाळूचोरीशी गाठ पडते. ते पेलणार असेल तर जरूर विचार करा.

संशोधनाकडे जायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतला वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. मुंबईत 1883 पासून चालत आलेली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. या संस्थांमधली बहुतेक पदं प्रकल्पापुरती असतात: प्रकल्प सहायक, कनिष्ठ संशोधक, समन्वयक. मी निवड करताना प्रमाणपत्रं नंतर बघते. आधी फिल्डची वही मागते. तारखा सलग आहेत का, न ओळखलेल्या गोष्टी प्रामाणिकपणे तशाच लिहिल्या आहेत का, रेखाटनं किंवा नकाशे आहेत का, हे बघते. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर साधा नकाशा करता येतो का आणि ‘आर’ या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे हाताळता येतात का, हे विचारते, दोन्ही फुकट मिळतात आणि घरी शिकता येतात. दुचाकी चालवता येते का, गावात दोन-दोन महिने राहाल का, हेही विचारते. आणि मराठी. बाहेरून आलेल्या संशोधकांना सरपंचांशी, गुराख्यांशी, आजीबाईंशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. ग्रामपंचायतीला पत्र लिहिता येणं आणि अहवालाचं मराठी टिपण करता येणं हे कौशल्य अर्जात ठळक लिहा, लोक ते लिहीत नाहीत.

याखेरीज दोन वाटा आहेत ज्यांचा विचार फारसा कोणी करत नाही. एक म्हणजे सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर ग्रामसभेला मिळणारे कायदेशीर हक्क. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये असे हक्क मिळाले. त्यानंतर विदर्भात अनेक ग्रामसभांकडे जंगलाचं व्यवस्थापन आलं. त्यांना आराखडे करायला, झाडांची मोजदाद करायला, तेंदू-बांबूचा हिशोब ठेवायला माणसं लागतात. दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीची. तिथे पगार बरे असतात, पण अनेकदा काम म्हणजे ‘एक लाख झाडं’ असंच असतं. आत जाऊन ते माळरानाच्या पुनरुज्जीवनाकडे किंवा ओढ्याकडे वळवता आलं तर उत्तमच. पर्यावरण परिणाम मूल्यांकन (एखाद्या बांधकामाचा किंवा प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) करणाऱ्या कंपन्यांमध्येही प्राणिशास्त्रवाल्यांना मागणी असते. तिथे जाणार असाल तर एक अट स्वतःलाच घाला: न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायचं नाही आणि पाहिलेलं गाळायचं नाही. वरिष्ठांनी यादीतून एखादी संरक्षित जात काढायला सांगितली तर त्या दिवशी नोकरी सोडावी लागेल, ही तयारी ठेवा.

आता तुमचं सहा महिन्यांचं काम. मानधन नाही म्हणजे लगेच नाही म्हणा, असं मी सांगणार नाही, पण हो म्हणण्याआधी त्यांना लेखी विचारा. प्रकल्पाला निधी किती आणि कोणाचा आहे? निधी असताना फिल्ड असिस्टंटच्या नावानं रक्कम ठेवलेली नसेल तर ते तुमचं श्रम गृहीत धरताहेत. मग किमान मानधनाची मागणी करा, संकोच करू नका. विचारल्यावर पुष्कळदा काहीतरी निघतं. अपघात विमा आहे का? सर्पदंश झाला तर सर्वांत जवळचं प्रतिविष असलेलं रुग्णालय कोणतं आणि तिथवर गाडी कोण नेणार? याचं उत्तर ज्यांच्याकडे नाही त्यांच्याबरोबर रानात जाऊ नका. अभयारण्यात काम असेल तर वनविभागाच्या परवान्यात तुमचं नाव असेल का? मुलगी असाल तर राहण्याची जागा, सोबत कोण असेल आणि तक्रार कोणाकडे करायची हे आधी स्पष्ट करून घ्या. तुम्ही गोळा केलेल्या माहितीवर शोधनिबंध निघाला तर नाव कुठे येईल? आणि सहा महिन्यांत नेमकं काय शिकवणार: कॅमेरा ट्रॅप लावणं, विष्ठेचं विश्लेषण, रेषा-सर्वेक्षण, की नुसत्या वस्तू वाहून नेणं?

घरची परिस्थिती सहा महिने बिनपगारी काढण्यासारखी असेल आणि या प्रश्नांची सरळ उत्तरं आली, तर जा. नसेल, तर एखादी नोकरी धरा, शनिवार-रविवारी तळ्याच्या नोंदी चालू ठेवा आणि वनरक्षक किंवा वनसेवेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. दोन वर्षांच्या मागच्या याद्या फोटोंच्या तारखांवरून अजूनही भरता येतील. त्यांवर ‘अपूर्ण यादी’ अशी खूण करा, म्हणजे पुढे त्या वापरणाऱ्याची दिशाभूल होणार नाही. शाळेला मात्र आजच होकार कळवा आणि मुख्याध्यापकांना विचारून आदल्या दिवशी आवार बघून या.